कापूर, गंधक अन् तुळजाबाई खरादीण

"टोपण ठुवा तिकडं, मला दांडा पाह्यजे. अन् बोलू नका जरा येळ. नाकाला काम करू द्या."

"नाकाला?" बदनापूरचे काकासाहेब पटवारी फळीवर बसल्या बसल्या मागं सरकले.

तुळजाबाईनं पेनाचा दांडा पदराला खसाखसा घासला, नाकाशी नेला अन् डोळे मिटून घेतले. मंग एक डोळा उघडला.

"आजोबाचा म्हणता हा?"

"आजोबाचाच. म्हैबूब पाशा निजामाच्या वक्ताला तहसीलदारानं खूश होऊन दिल्ता त्याह्यला. आमच्या घरी लहान लेकरालाबी ठाऊक हाय."

"आजोबा कधी गेले?"

"मानमोडीच्या तापात."

"मंग त्याह्यनी हा सरगातून धाडला का? कापराचा वास मारून राह्यला ह्याला. कापराचे पेन मानमोडीच्या लई मागून आले. घ्या, तुमीच हुंगा."

पटवाऱ्यांनी हुंगला. वास कापराचाच होता, आरतीच्या ताटातला असतो तसा. कोपऱ्यात दोरी धरून बसलेला रखमाजी, म्हणजे तुळजाबाईचा नवरा, खाली मान घालून म्हणाला, "पटवारीबुवा, लोकाच्या जिमिनी इकडच्या तिकडं करता ते ठीक. आज्याबी केला का?"

"हासू नका," पटवारी तांबडेलाल झाले. "वाटणीत म्या हा पेन घेतला अन् चुलतभावाला खोंड सोडला."

"खोंड तरी हुंगून पाह्यचा व्हता," तुळजाबाई म्हणाली. "पेन वाईट न्हाई. चांगला चालंल. पण आजोबाचा न्हाई. निब वाकडी हाय, ती सरळ करून देऊ का, का परत नेता भावाकडं?"

पटवाऱ्यांनी निब सरळ करून घेतली. खोंड काही परत आला नसणार.

जालन्याच्या सदर बाजारात भुसार दुकानांच्या वळीला, दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढं तुळजाबाईचं दुकान होतं. पुढं फळी, फळीवर उन्हात मांडलेले पेन, मागं दांडे कातायचा खराद. लोक तिला तोंडावर तुळजाबाई म्हणत अन् पाठीमागं खरादीण. तिला दोन्ही चालायचं.

ती मूळची टेंभुर्णीची. रखमाजीबी तिकडचाच, कुणब्याचा पोर. पण नांगरापेक्षा त्याला फिरत्या वस्तूचं येड. रहाट फिरला, चाक फिरलं की हा पाहत उभा. बापानं दोनदा बडवला अन् तिसऱ्यांदा नाद सोडला. रखमाजी जालन्याला येऊन एका बुढ्ढ्या मुसलमान उस्तादाच्या हाताखाली खरादाचं काम शिकला. बाजेचे पाय, पाळण्याच्या लोट्या, हुक्क्याच्या नळ्या. मंग आगीनगाडीनं साहेब लोक आले, वकील आले, कापसाचे व्यापारी तर होतेच, अन् सगळ्यांच्या खिशात पेन आले. पेन आले तसे फुटूही लागले. एका वकिलानं तडकलेलं टोपण आणलं अन् म्हणाला, असंच दुसरं करून दे. रखमाजीनं काळ्या कडक रबराचा दांडा मागवून ते करून दिलं. तिथून बाजेचे पाय मागं पडले.

खरादाला दोन माणसं लागतात. एकानं दोरी ओढून दांडा फिरवायचा, दुसऱ्यानं त्याला हत्यार लावायचं. दोरी ओढायला गडी ठेवणं परवडत न्हाई म्हणून रखमाजीनं बायकोला बसवलं. ती दोरी ओढता ओढता त्याचे हात पाहायची. पुढं त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, हत्यार बोटाला लागू लागलं. एक दिवस तुळजाबाई म्हणाली, "सरका. तुमी दोरी वढा." बाजारात चार दिवस हसणं झालं, की खरादिणीनं नवऱ्याला दोरीला जुंपला. रखमाजीच सांगायचा लोकांना, "जुंपलं तर जुंपलं. बैलाला निदान हत्याराखाली बोटं घालावी लागत न्हाईत."

पेन ओळखायची तिची विद्या ही अशी दोरीवरून शिकलेली. सनावळीचं तिला वावडं होतं. इंग्रजी अक्षर तर सोडाच, मोडीही येत नव्हती. पण पेनावर कोरलेलं चित्र बोटाला कळायचं. हंस असला की हंसवाला, काळं पाखरू असलं की पाखराचा. अन् काळ मोजायला तिच्याकडं तिचे स्वतःचे खुंटे होते. म्हैबूब पाशाचा वक्त, पहिली लढाई, तिच्यापाठोपाठ आलेली मानमोडीची साथ, जिनातली कापसाची गंजी पेटली ते साल. पेन घासून गंधकाचा वास आला, म्हणजे पेटवलेल्या काडीसारखा, तर तो कडक रबराचा, जुना. त्यात निबेच्या वरून एक अन् खालून एक अशा दोन जिभा असल्या, अन् शाई काचेच्या नळीनं थेंब थेंब दांड्यात भरायची असली, तर मानमोडीच्या आधीचा. अंगाला आडवी काडी असली, जी उचलली की आतली रबरी नळी शाई ओढून घेते, तर मानमोडीच्या आसपासचा किंवा मागचा. कापराचा वास आला तर आणखी मागचा. एखाद्याला नासक्या दुधाचा वास यायचा. तो ती पाण्याजवळ नेऊ द्यायची न्हाई, फुगतो म्हणून. खिशाला अडकवायचा चिमटा पाहून मात्र ती कधी काळ ठरवायची न्हाई. म्हणायची, "चिमटा म्हणजे कुंकू. कवाबी लावता येतं."

चुकायचीबी ती. चुकली की दुसऱ्या कुणावर ढकलायची, बहुतेक रखमाजीवर.

आता तिची सगळ्यात मोठी चूक अन् तिच्यापायी झालेलं धरणं सांगतो. दुसरी लढाई लागायच्या आधल्या दिवाळीची गोष्ट.

गोपीकिशन सेठची कापसाची पेढी बाजारात नावाजलेली. त्याच्या बापानं, कचरूलालनं, मुंबईला पहिल्या गाठी विकल्या तेव्हा तिथून एक हंसवाला पेन आणला होता. काळाभोर, दोन जिभांचा. कचरूलाल गेले, पेन राहिला. पेढीच्या खिडकीत, लक्ष्मीच्या तसबिरीजवळ लाकडी घोडीवर तो बारा महिने आडवा असायचा. सकाळचं ऊन त्याच्यावर पडायचं. वर्षातून एकदाच, दिवाळीला दऊत-कलमेची पूजा झाली की सेठ त्यानं नव्या वहीवर श्री काढायचा. पूजेआधी पेन तुळजाबाईकडं यायचा. ती जिभा साफ करायची, आट्यांना मेण लावायची म्हणजे शाई गळत न्हाई, अन् परत द्यायची. सालोसाल हेच.

त्या साली पूजेचं ताट उघडलं अन् सेठच्या हाताला जो पेन आला तो तपकिरी होता. शेणाची गोवरी वाळली की होते तसल्या रंगाचा. मुहूर्त टळू नये म्हणून सेठनं दात ओठ खाऊन श्री काढला. पण रात्र त्यानं कशी काढली ते त्यालाच ठाऊक. बापाचा पेन गेला म्हणजे पेढीची बरकत गेली, असं त्याच्या डोक्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी पाडवा. व्यापारी एकमेकांच्या पेढीवर रामराम करायला जातात. सेठची गादी माणसांनी भरलेली असतानाच त्यानं तुळजाबाईला बोलावणं धाडलं.

ती आली. सेठनं पेन पुढं केला. "तुळजाबाई, हा कोणाचा पेन है?"

तिनं नुसता पाहिला अन् फाडकन बोलली, "हा तुमचा न्हाई. तपकिरी रबराचेबी हंसवाले येतात. तुमचा काळा हाय."

इथंच ती चुकली. हातात न घेता, न हुंगता बोलली.

"सुना सबने?" सेठ गादीवरच्या लोकांकडं वळला. "खुद्द कबूल करते है. मंग बापूजीचा पेन कुठं है? पूजेच्या आधी तुझ्याकडं आल्ता. तुझ्याकडून हा आला. बाजारात दुसरं कोणी हंसवाले विकत न्हाई. बदलला तू."

 तिच्या दुकानात लोकांचे पेन महिना महिना पडून असत. ठेवून जायला लोकांना तिच्या शब्दापलीकडं दुसरं काही लागत नव्हतं. ती एक गोष्ट गेली तर दोरी ओढायला अन् हत्यार धरायला काही उरणार नव्हतं. गादीवर कोणीतरी म्हणालंच, "माझाबी पेन आहे तिच्याकडं. आजच घेऊन येतो."

"थांबा," ती म्हणाली. "द्या तो इकडं."

आता तिनं तो पदराला घासला. गंधक. दोन जिभा जागेवर. टोपण काढलं अन् दांडा डोळ्याजवळ नेला. टोपणाखाली दांडा काळा होता. जिथवर टोपण बसतं तिथवर काळा, तिथून पुढं तपकिरी, रेघ मारल्यासारखा. अन् आट्यांतलं मेण? ते जागेवर न्हाई, पातळ होऊन खाली ओघळून पांढरं थिजलेलं.

"सेठ, म्या चुकले. हा तुमचाच हाय."

गादीवर हशा झाला. सेठ म्हणाला, "वा! घडीत न्हाई, घडीत आहे. गळ्याशी आलं तर बाप बदलशील तू."

"बाप न्हाई बदलला, रंग बदलला. ह्याला गरम पाण्यानं आंघोळ कोणी घातली?"

सेठनं मुनीमाकडं पाहिलं, मुनीमानं नोकराकडं, नोकरानं छताकडं. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. पेन कोणी धूत न्हाई, नुसता पुसतात.

"मंग आत इचारते," म्हणून तुळजाबाई उठली अन् मधला पडदा सारून थेट घरात गेली. गादीवरच्या एकाला तरी हे जमलं असतं का? न्हाई. त्याला बाईच पाहिजे.

आत सेठाणी, सायरबाई, पाटावर पाय पसरून गुडघ्याला तेल चोळत होती. दर साली पूजेची भांडी तीच घासायची, पण यंदा गुडघ्यानं दगा दिला म्हणून काम नव्या सुनेवर पडलं होतं. सून तारादेवी मारवाडातून वैशाखात आलेली, चुलीजवळ घुंघट ओढून पुऱ्या तळत होती.

"बाई, पूजेचा पेन तुमी धुतला का?" तुळजाबाईनं विचारलं.

घुंघटाआडून आवाज आला तो खूश होऊनच. "हां! कितना मैल था उस पे! रीठे के गरम पानी में रखा, जैसे गहने रखते हैं. सारा काला निकल गया. अच्छा हुआ ना? और घिसती, पर मुहूरत हो गया."

तुळजाबाईनं कपाळावर हात मारला. पोरीला वाटलं होतं की काळा हा मळ आहे अन् तपकिरी हा पेन. पितळेचं भांडं घासलं की उजळ निघतं, तसा हाही निघाला. अन् बाहेर कालपासून एवढं रामायण चाललेलं तिला कळलंबी असेल, पण कोणी विचारलं न्हाई अन् तिला बोलता येत न्हाई. त्या घरात सून सासऱ्यासमोर तोंड उघडत न्हाई. बोलायचंच झालं तर दाराआडून, तिसऱ्याच्या तोंडून.

"चला," तुळजाबाई म्हणाली. "आज मी तुमचं तोंड."

सायरबाईनं मान हलवून परवानगी दिली. सून पडद्याआड उभी राहिली, तुळजाबाई उंबऱ्यावर.

"सेठ, तुमच्या सूनबाई म्हणतात, पेन त्याह्यनी धुतला."

सेठनं पडद्याकडं न पाहता विचारलं, "कशानं?"

तुळजाबाईनं कान पडद्याला लावला. "रिठ्यानं. कडकडीत पाण्यात."

"किती वेळ?"

पडद्यामागं कुजबूज. "पुरणाची डाळ शिजूस्तोवर."

गादीवरचा एक जाडा आडत्या म्हणाला, "गोपीकिशनजी, माझ्या छत्रीची मूठ रबराची है. चार पावसाळे खाल्ले, तपकिरी झाली न्हाई. बायाबायांनी आत मिळून ठरवलं दिसतं."

पडद्यामागून काहीतरी जोरात आलं. तुळजाबाई गालातल्या गालात हसली.

"काय म्हणते?" सेठ.

"ते सांगण्यासारखं न्हाई. छत्रीबद्दल हाय."

मंग तिनं कमरेची पिशवी सोडली. तिच्यात एका वकिलासाठी राखलेला पेन होता, दोन जिभांचाच, हंसवाला, काळा. औरंगाबादेच्या एका भंगारवाल्याकडून आणून तिनं महिनाभर त्याच्यावर काम केलं होतं. तोवर तो तिच्या फळीवर उन्हात, सगळ्या बाजाराच्या डोळ्यांदेखत पडून होता. पाडव्याचा रामराम घालून वकिलाला द्यायचा म्हणून सोबत आणलेला. तिनं तो एकदा बोटांनी चाचपला अन् म्हणाली, "सूनबाई, तसंच पाणी आणा. रिठ्यासकट."

लोट्यात पाणी आलं, वाफा मारत. टोपण अन् निबेचा तुकडा काढून तिनं नुसता दांडा अर्धा पाण्यात उभा केला, अर्धा वर. "आता इडे खा," ती गादीवाल्यांना म्हणाली. "तोंड बी बंद राहील."

लोकांनी विडे खाल्ले. आडत्यानं दोन खाल्ले. पेढीत काडी पेटवल्यासारखा वास सुटला. तिनं दांडा बाहेर ओढून पुसला. वरचा अर्धा काळा, खालचा अर्धा गोवरीसारखा.

"उन्हात पडलेला रबर वरून काळा दिसतो, पण आतून पिकल्याला असतो. गरम पाणी लागलं की काळा पडदा जातो," ती म्हणाली. "छत्रीची मूठ काय कोणी चुलीवर चढवत न्हाई."

सेठनं दोन्ही पेन शेजारी शेजारी धरले. मंग बापाच्या पेनावरचा हंस अंगठ्यानं चाचपला. तो जागेवर होता, फिक्कट पण जागेवर.

"काळा होतो का परत?"

"व्हतो. खरादावर वरचं साल काढलं की आतून काळा निघंल. पण सालीबरोबर हंस जाईल, नाव जाईल. मंग हा अन् माझ्याकडचा कोरा दांडा सारखाच. कोणाच्या बापाला ओळखू येणार न्हाई. बोला, काळा पाह्यजे का जुना?"

"राहू दे असाच," सेठ म्हणाला अन् पेन घोडीवर ठेवला. मंग आठवून खिडकीतून काढून आतल्या कोनाड्यात ठेवला.

"अन् माझं काय?" तुळजाबाई म्हणाली. "चोर म्हणलात मला, दहा माणसांत. तेवढं परत घ्या."

सेठनं पान लावायला घेतलं. "समजलं ना आता सगळ्यांना. जा, मिठाई घेऊन जा."

मिठाई तिनं घेतली. मिठाईशी तिचं भांडण नव्हतं. पण बाजारात झालं असं, की 'तुळजाबाईनं सेठचा पेन बदलला' हे घोड्यावर बसून गेलं अन् 'न्हाई बदलला' हे लंगडत मागं राहिलं. लोक येऊन आपले पेन मागून नेऊ लागले, बिना दुरुस्तीचे. कोणी घरी पाहुणा आल्याचं सांगे, कोणी परगावी जायचं आहे म्हणे. वकिलानं तो अर्धा-अर्धा पेन पाहिला अन् हात मागं घेतला. फळी मोकळी झाली.

"घरात बसून काही व्हत न्हाई," तुळजाबाई म्हणाली. "खराद उचला."

"कुठं?"

"सेठच्या दारात."

बाजाराच्या दिवशी सकाळीच दोघं जाऊन गोपीकिशन सेठच्या पेढीसमोर रस्त्यात किलतान अंथरून बसले. खराद मांडला, दोरी गुंडाळली, अन् कोऱ्या रबराच्या दांड्यावर काम सुरू केलं. सगळा बाजार तिथूनच जातो. जो तो विचारी, "तुळजाबाई, दुकान सोडून इथं कामून?"

"सेठला इचारा," ती म्हणायची अन् हत्यार लावायची.

लोक सेठला विचारू लागले. बाजेचे पाय नेणारा विचारी, मिरच्या विकणारी विचारी, पेढीवर सरकी घालायला आलेला गाडीवानही विचारी. सेठ दोन वेळा आत गेला अन् दोन वेळा बाहेर आला. नोकराला धाडून त्यानं सांगितलं, की रस्ता अडतो. रखमाजी म्हणाला, "गाडी जाती का? जाती. मंग काय अडतं? आमचं तर अडलंच हाय." मंग आतून चहा आला. तो सायरबाईनं धाडलेला. पाठोपाठ तारादेवीनं पुऱ्या धाडल्या. नवरा-बायकोनं सेठच्याच दारात सेठच्याच घरच्या पुऱ्या खाल्ल्या, अन् हे पाहायला गर्दी वाढली. जाडा आडत्या रस्त्याच्या पलीकडून ओरडला, "गोपीकिशनजी, एक तर त्यांना पेढीत भागीदारी द्या, न्हाई तर बोललेला शब्द मागं घ्या!"

उन्हं चढली तसा सेठ उतरला. डोक्याला पगडी, अंगात कोट, पुरा पेढीचा पोशाख. किलतानावर पाय न ठेवता आधी जोडे काढले अन् मंग रखमाजीच्या शेजारी बसला.

"ऐका," सेठ म्हणाला. आवाज त्याला लिलावात लावायची सवय होती, तो थेट वळणापर्यंत गेला. "बापूजीचा पेन घरातच है. रंग आमच्या घरातल्या पाण्यानं गेला. ह्या बाईनं काही बदललं न्हाई. मी बोललो ते चूक बोललो." मंग कोटाच्या खिशातला रोजचा पेन काढून त्यानं तिच्यापुढं ठेवला. "हा माझा. शाई धरत न्हाई. तुझ्याकडं राहू दे, जितके दिवस लागतील तितके."

तुळजाबाईनं त्याच्याकडं पाहिलं न्हाई. पेन उचलला, अंगाची आडवी काडी उचलून पाहिली, दांडा कानाशी हलवला, पदराला घासला, हुंगला.

"कापराचा हाय. आतली नळी चिकटली. दोन दऊतीची शाई एकात वतली तुमी. निळीत काळी."

"मुनीमानं ओतली असंल."

"घरचाच कोणीतरी असतो नेहमी," ती म्हणाली. "सांजच्याला या. इथं न्हाई, दुकानात."

गर्दीतनं एकानं हळूच आपला पेन पुढं केला, परवाच परत नेलेला. मंग आणखी एकानं. तिनं दोन्ही पदरात टाकले. रखमाजीनं चाचपत खराद उचलून डोक्यावर घेतला, तिनं किलतान झटकून काखेत मारलं, अन् दोघं बाजारातून चालत दुकानाकडं आली.

फळीवर पेन मांडून झाले. सेठच्या पेनाची नळी तिनं चिमट्यानं ओढून काढली, वाळलेल्या शाईसकट, अन् नवी कापायला घेतली. पण तिच्याआधी सकाळपासून खरादावर अडकलेला दांडा पुरा करायचा होता. एका मास्तरचं टोपण. तिनं दोरीचा वेढा सारखा केला अन् हत्यार दांड्याला टेकवलं.

"वढा," ती म्हणाली. "जल्दी न्हाई. बराबर."

रखमाजीनं दोरी ओढली.